कर्नल जेम्स हार्टले (दुगाडची लढाई, १७८०): एकच हुद्दा दोनदा कसा मिळाला?

खाडीकिनारा (ठाणे पश्चिम)

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आमच्या वाचनकट्ट्यावर अर्ध्या तासाचं टिपण वाचायचं आहे. विषय जेम्स हार्टले. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात कल्याण, टिटवाळा, दुगाड या आपल्याच पट्ट्यात लढलेला इंग्रज अधिकारी. जन्म १७४५, मृत्यू १७९९ इथपर्यंत ठीक, पण मधला हिशेब जुळत नाही.

जानेवारी १७७९ मध्ये वडगावला तो कॅप्टन आहे. फेब्रुवारी १७८० ला अहमदाबादेत लेफ्टनंट कर्नल. १७८१ च्या अखेरीस इंग्लंडला निघून जातो आणि परततो तो पुन्हा लेफ्टनंट कर्नल म्हणूनच, तेही ७५ व्या रेजिमेंटचा. मध्ये हुद्दा उतरवला की काय? की मी दोन वेगळ्या माणसांची सरमिसळ करतोय?

दुसरं, दुगाडला तीन दिवस नेमकं काय झालं? आपल्याकडच्या पुस्तकांत 'रामचंद्र गणेश कानडे धारातीर्थी पडले' या एका ओळीत सगळं आटोपतं.

तिसरं, ठाण्याचा किल्ला यानेच घेतला असं दोन ठिकाणी वाचलं. ते खरं का?

---

सेवाज्येष्ठता

माणूस एकच आहे. सेना दोन आहेत. हे एकदा लक्षात आलं की बाकीचं आपोआप सुटतं.

हार्टले १७६४ मध्ये दाखल झाला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्याच्या सैन्यात. राजाच्या, म्हणजे खऱ्या अर्थाने ब्रिटिश सैन्यात नव्हे. दोन्हीकडचे नियम वेगळे. राजाच्या सैन्यात हुद्दे विकत घेता येत असत, अगदी रीतसर. कंपनीकडे विकत काही मिळत नसे, तिथे यादी चाले. मुंबई, मद्रास, बंगाल अशा प्रत्येक इलाख्याची स्वतंत्र ज्येष्ठता यादी, आणि वरचा माणूस मेला, निवृत्त झाला किंवा मायदेशी गेला की खालचा एक पायरी चढणार. कर्तबगारीला त्यात जवळजवळ जागाच नाही. (मंत्रालयात नोकरी केलेल्या कोणालाही हे समजावून सांगायची गरज पडू नये.)

आता वडगाव. मुंबईकरांची फौज नोव्हेंबर १७७८ मध्ये पनवेलला उतरली. एकूण सुमारे ३,९०० माणसं, आणि तोफा-सामान ओढायला १९,००० च्या वर बैल! घाट चढल्यावर ११ दिवसांत जेमतेम ८ मैल सरकली. आघाडीला ग्रेनेडियर शिपायांच्या सहा कंपन्या होत्या. ग्रेनेडियर म्हणजे प्रत्येक पलटणीतली उंच, धट्टीकट्टी माणसं निवडून केलेली कंपनी. त्या सहांचा प्रमुख कॅप्टन जेम्स स्टुअर्ट, आपला 'इष्टुर फाकडा'. तो ४ जानेवारी १७७९ ला कार्ल्याजवळ पडला आणि त्या कंपन्या हार्टलेकडे आल्या.

९ जानेवारीला फौज तळेगावला पोचली. पुणं १८ मैलांवर, कोठारात १८ दिवसांचं धान्य. तरी वरच्या समितीने माघारीचा निर्णय घेतला. ११ तारखेच्या रात्री जड तोफा तलावात ढकलल्या, सामान जाळलं आणि सुमारे २,६०० माणसं गुपचूप निघाली. गुपचूप कसलं, पहाटे दोनलाच मराठ्यांनी गाठलं. पिछाडीला हार्टलेच्या कंपन्या. सकाळी 'लगेच मागे या' असा हुकूम आला तेव्हा त्याने एका लेफ्टनंटला उलट पाठवून कळवलं की हातातला उंचवटा सोडला तर माघारीचा पळ होईल. तो जागा धरून राहिला म्हणून फौज एकसंध वडगावात शिरली. त्या दिवशी मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून ३५२, त्यांत १५ युरोपियन अधिकारी. पुढे वडगावचा करार झाला, साष्टी (ज्यात ठाणं येतं) परत द्यायचं कबूल केलं, आणि मुंबई-कलकत्त्याने तो करार झुगारला, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी या मोहिमेचे प्रमुख कर्नॅक, एगर्टन आणि कॉकबर्न यांना नोकरीतून काढलं. मुंबई सरकारने हार्टलेला थेट लेफ्टनंट कर्नल केलं. मेजरची पायरी गाळून! यादीत त्याच्या वर असलेले सगळे एका फटक्यात त्याच्या खाली आले, आणि त्यांनी तक्रारअर्जांचा पाऊस पाडला. संचालकांनी ती बढती नियमबाह्य ठरवली आणि डावललेल्यांची ज्येष्ठता आधी पूर्ववत व्हायला हवी असा निकाल दिला. दुगाड जिंकून आलेल्या माणसाच्या हाती हा कागद पडला. डिसेंबर १७८१ मध्ये तो दाद मागायला इंग्लंडला गेला.

संचालकांना आपलीच यादी मोडता येईना. मग वाट काढली ती बाहेरून. १७८७ मध्ये राजाने खास हिंदुस्थानसाठी चार नव्या रेजिमेंट उभारल्या, ७४ ते ७७. त्यातल्या ७५ व्या रेजिमेंटचा लेफ्टनंट कर्नल म्हणून हार्टलेला नेमलं. ही सनद राजाची, त्यामुळे मुंबईच्या यादीचा प्रश्नच उरला नाही. वर गंमत म्हणजे त्या काळी राजाच्या सैन्यातला अधिकारी कंपनीच्या त्याच हुद्द्याच्या अधिकाऱ्यापेक्षा वरचढ मानत. १७८८ ला तो मुंबईत परतला तेव्हा त्याला अडवणारे बहुतेक जण त्याच्या मागे पडले होते.

तेव्हा टिपणात 'पदावनती' लिहू नका. 'बढती अमान्य, नंतर राजाची सनद' असं लिहा.

---

तीन_हात_नाका

ठाण्याच्या किल्ल्याचं थोडक्यात. तो वेढा डिसेंबर १७७४ चा, सेनापती जनरल रॉबर्ट गॉर्डन, आरमाराकडून कमोडोर जॉन वॉटसन. २७ तारखेच्या रात्री खंदक बुजवायचा प्रयत्न फसला, सुमारे १०० युरोपियन कामी आले. २८ डिसेंबरला हल्ला करून किल्ला घेतला आणि आतल्या शिबंदीची कत्तल केली. वॉटसन याच वेढ्यात प्राणघातक जखमी झाला. म्हणजे हा किल्ला गॉर्डनच्या नावावर, हार्टलेच्या नव्हे. किल्ल्याच्या जागी आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे आत जाऊन तट बघण्याच्या भानगडीत पडू नका.

---

गुमतारा

दुगाडबद्दल लिहितो, कारण तिथे हार्टलेची सगळी रीत उघडी पडते. आधी कल्याण घ्या, त्याशिवाय दुगाड कळत नाही.

मे १७८० मध्ये कल्याण कॅप्टन रिचर्ड कॅम्पबेलच्या ताब्यात होतं आणि मराठ्यांनी शहराला वेढा घातला होता. २५ मेच्या सकाळी निर्णायक हल्ला ठरला होता. हार्टले गुजरातेतून बोलावलेला. २४ च्या रात्री पोचला, थांबला नाही, थेट छावणीवर पडला आणि कित्येक मैल पाठलाग केला. एक दिवस उशीर झाला असता तर कल्याण गेलं असतं.

पावसाळ्यानंतर जनरल गॉडर्ड वसईला वेढा घालायला आला. नोव्हेंबर १७८० च्या मध्याला फौज वसईपुढे, २८ नोव्हेंबरपासून तोफा सुरू. वेढ्याचं शास्त्र सोपं आणि निर्दय असतं. खंदक खणणारी, तोफा चालवणारी फौज पाठमोरी असते. पाठीवर कोणी आलं की वेढा उठला. म्हणून एक वेगळी तुकडी बाहेर ठेवायची, जी घाटावरून येणाऱ्या कुमकीला अडवून धरेल. हे काम हार्टलेला दिलं. आजारी आणि जखमी वगळून हाताशी उरले जेमतेम २,००० च्या थोडे वर. समोर घाट उतरून आलेले रामचंद्र गणेश, हरिपंत फडके, परशुरामभाऊ पटवर्धन. आकडा २०,००० च्या पुढचा.

तो आधी टिटवाळ्याकडे होता. मराठ्यांचा जोर वाढला तसा लढत लढत दुगाडपर्यंत मागे आला. ही माघार घाबरून नव्हती. टिटवाळ्याला राहिला असता तर मराठ्यांना त्याला वळसा घालून वसईची वाट धरता आली असती. दुगाडला येऊन त्याने ती वाटच अडवली. शिवाय तळाच्या दोन्ही बाजूंना एक एक टेकाड होतं. दोन हजार माणसांनी वीस हजारांपुढे मैदानात रांग धरली तर दोन्ही टोकांवरून घोडदळ वळसा घालतं. टोकं टेकाडांना टेकवली की वळसा घालायला वाट राहत नाही.

१० डिसेंबरला पुढून आणि मागून घोडदळ-पायदळाचे हल्ले झाले. ११ ला पुन्हा, या वेळी तोफांसकट, त्यात त्याचे दोन लेफ्टनंट पडले. दोन दिवस टेकाडांभोवती चाललेली चाचपणी पाहून हार्टलेने ओळखलं की उद्याचा घाव टेकाडावरच बसणार. मग रात्रीत दोन्ही टेकाडांवर छातीएवढे दगडमातीचे बांध घातले आणि प्रत्येकावर तोफ चढवली. लढाई खरं तर इथेच फिरली.

१२ च्या पहाटे दाट धुकं. रामचंद्र गणेशांचा डाव चांगलाच होता: अरब पायदळ आणि नरोन्हा नावाच्या पोर्तुगीज अधिकाऱ्याचं कवायती पायदळ घेऊन स्वतः मागच्या बाजूने टेकाड चढायचं, पुढून बाकीच्यांनी दाबायचं. धुक्यात तोफ आंधळी असते आणि त्या काळची बंदूक शंभर यार्डांच्या पलीकडे फारशी भरवशाची नव्हती, म्हणजे धुकं चढणाऱ्याच्याच बाजूचं. पण वर काल रात्री उभा राहिलेला बांध आणि तोफ त्यांच्या हिशेबात नव्हती. ते अगदी जवळ आले आणि धुकं एकदम फाटलं. दाटीने चढणारी माणसं, समोर छर्रे भरलेली तोफ. रामचंद्र गणेश पडले, नरोन्हा जखमी झाला, हल्ला मोडला.

आता सगळ्यात बोचणारी गोष्ट. वसईचा किल्ला ११ डिसेंबरलाच शरण गेला होता. ज्याच्यासाठी १२ चा हल्ला झाला ते आदल्या दिवशीच संपलं होतं.

---

खाडीकिनारा

सेवाज्येष्ठता साहेब, गुमतारा दादा, दंडवत! दोन शंका. एक, हार्टले वडगावला हरलेल्या फौजेत होता, मग मराठी श्रोत्यांसमोर त्याचं एवढं कौतुक जरा जड जाईल का? दोन, दुगाडनंतर त्याचं काय झालं हे चार ओळींत हवं आहे.

---

वडगावकर_मावशी

कौतुक बेतानेच करा. वडगावला महादजी आणि नाना यांनी गावं जाळून, चारा-धान्य हटवून, लढाई न देता शत्रूला आत ओढला आणि योग्य वेळी वेढला. ती मोहीम मराठ्यांनी आखून जिंकली. हार्टलेने फक्त पराभवाचा चेंदामेंदा होऊ दिला नाही. दोन्ही वाक्यं एकाच परिच्छेदात लिहा, म्हणजे कोणी उठून भांडणार नाही.

आणि त्याच्या पलटणीत होते कोण? इथलेच शिपाई. नोव्हेंबर १७७९ मध्ये मुंबईकरांनी कायमची ग्रेनेडियर पलटण उभारली ती तळेगावच्या त्याच कंपन्यांच्या अनुभवावरून, आणि आजच्या भारतीय सैन्यातली ग्रेनेडियर्स रेजिमेंट आपलं मूळ तिथपर्यंत नेते. इंग्रज इतिहासकार सगळं श्रेय कॅप्टनला देतात. रात्रभर उपाशी चालून सकाळी रांग न मोडणारा शिपाई त्यांच्या पानांवर नावाने येत नाही. तुमच्या टिपणात निदान एक ओळ येऊ दे.

---

बेलापूर_पट्टी (नवी मुंबई)

पनवेलकडचा भाग राहिला. वसई पडल्यावर गॉडर्डला वाटलं पुण्यावर दबाव टाकू. फेब्रुवारी १७८१ मध्ये बोरघाट चढला, खंडाळ्याला माणसं ठेवली, स्वतः खोपोलीला तळ दिला. पुणेकर हलले नाहीत, उलट परशुरामभाऊंनी पनवेल ते खोपोली या वाटेवरची रसद कापायला सुरुवात केली. एप्रिलमध्ये माघार. १९ ला खोपोली सोडली, २३ ला पनवेल. त्या चार दिवसांत मेलेले आणि जखमी मिळून ४६६. चौक-पनवेल रस्त्यावर गाडीने तासाभरात जाणाऱ्यांनी हा आकडा मनात धरावा. पायथ्याशी तळ, वर घाटात चौकी आणि मागे पनवेलपर्यंत उघडी वाट, ही मांडणीच चुकीची होती.

नकाशा करणार असाल तर जुन्या इंग्रजी लेखनातली नावं आधी लावून घ्या, नाहीतर गावं सापडत नाहीत. 'कॅम्पोली' म्हणजे खोपोली. 'डूगॉर' म्हणजे दुगाड. 'कॅलियन' कल्याण, 'बसीन' वसई. गुजरातेतलं 'अरास' म्हणजे अडास, जिथे मे १७७५ मध्ये कर्नल कीटिंगच्या फौजेची लढाई झाली. 'साल्सेट' म्हणजे साष्टी, त्यात ठाणं आलं.

माणसांचीही तीच गत. कार्ल्याला पडलेला कॅप्टन जेम्स स्टुअर्ट आणि १७९९ मध्ये टिपूवर चालून गेलेल्या मुंबई फौजेचा जनरल जेम्स स्टुअर्ट वेगळे. हार्टलेच्या चरित्रात दोघेही येतात, आणि मेलेला स्टुअर्ट वीस वर्षांनी श्रीरंगपट्टणला दिसतोय असं टिपण मागे एका ठिकाणी छापूनही आलं आहे.

---

सेवाज्येष्ठता

उत्तरार्ध चार ओळींत बसणार नाही, पण आटोपशीर सांगतो.

१७८८ ला परतल्यावर मुंबई सैन्याचा क्वार्टरमास्टर जनरल, म्हणजे रसद आणि तळांची व्यवस्था पाहणारा अधिकारी. १७९० मध्ये टिपूने त्रावणकोरवर हल्ला केला तेव्हा मदतीला कोचीन किनाऱ्यावर रवानगी. डिसेंबर १७९० मध्ये कालिकतजवळ टिपूचा सरदार हुसेन अली याच्या ९,००० च्या आसपास फौजेला सुमारे १,५०० माणसांनी हरवलं. १७९२ ला ॲबरक्रॉम्बीच्या मुंबई फौजेसोबत श्रीरंगपट्टणपर्यंत गेला. १७९३ मध्ये फ्रेंचांचं माहे घेतलं. १७९९ च्या युद्धात तो मेजर जनरल, स्टुअर्टच्या खालोखाल.

६ मार्च १७९९ चा सेदासीरचा प्रसंग मात्र गाळू नका. कुर्गच्या सीमेवर घनदाट जंगल, पुढच्या टेकडीवर माँट्रेसरच्या तीन पलटणी, मुख्य फौज आठ मैल मागे. हार्टले टेहळणीसाठी पुढे आला होता. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला टिपूची फौज जंगलातून पुढून-मागून एकदम तुटून पडली. दुपारी अडीचच्या पुढे स्टुअर्ट कुमक घेऊन पोचेपर्यंत तीन पलटणींनी जागा सोडली नाही. वडगावचा उंचवटा, दुगाडची टेकाडं, सेदासीरची टेकडी. वीस वर्षं एकच धडा गिरवलेला दिसतो: उंच जागा धरा, वेढा पडला तरी हलू नका, पळणाऱ्याचीच जास्त माणसं मरतात.

श्रीरंगपट्टण पडल्यावर मलबार प्रांताचा कारभार त्याच्याकडे आला. पण काही महिन्यांतच, ४ ऑक्टोबर १७९९ ला, दुखण्याने कण्णूरला वारला. वय ५४.

---

तीन_हात_नाका

एक भर. सालबाईचा तह, १७ मे १७८२. त्यात वसई मराठ्यांना परत मिळाली आणि साष्टी इंग्रजांकडेच राहिली. म्हणजे दुगाडला ज्या वसईसाठी माणसं मेली ती इंग्रजांनी दीड वर्षाने सोडून दिली, आणि ठाणं जे १७७४ ला गेलं ते गेलंच. कट्ट्यावरच्या ठाणेकरांना हे ऐकायला आवडेल. म्हणजे आवडणार नाही, पण लक्षात राहील.

---

खाडीकिनारा

सगळं टिपलं. शेवटचं विचारतो, टिपणाआधी दुगाडला जाऊन फोटो काढावेत म्हणतोय. कुठे उभं राहायचं?

---

गुमतारा

भिवंडी-वाडा रस्त्याने दुगाड फाटा, तिथून आत. मागे गुमतारा किल्ल्याचा डोंगर दिसेल, त्याला दुगाडचा किल्लाही म्हणतात. डोंगराचा फोटो टाकून 'हीच ती टेकडी' असं मात्र लिहू नका. लढाई पायथ्याच्या सपाटीवर आणि तिथल्या ठेंगण्या टेकाडांवर झाली. वीस हजारांची चढाई गुमताऱ्याच्या कड्यावर होत नसते. रस्त्यावरून टेकाडं क्षुल्लक वाटतात, तेव्हा त्यावर चढून वसईच्या दिशेला तोंड करून बघा, मग मधली मोकळी वाट डोळ्यांत भरते.

डिसेंबरात जाताय तर उजाडायच्या आधी पोचा. गवत वाळलेलं असतं, चढ सोपा पडतो, आणि नशीब असलं तर धुकंही मिळेल. गोदामांचे ट्रक भिवंडी बायपासला सकाळी सातनंतर असे अडकतात की परतीचा वेळ दुप्पट धरा.